एक खिळा इकडे, एक आकडा तिकडे

"आता आपल्या संग्रहालयात माणसाने तोंड उघडायची गरजच उरलेली नाही!"

माहितीसाहेबांनी हे वाक्य महिनाभरात भेटेल त्याला ऐकवलं होतं. शिपायाला, दूधवाल्याला, दाढ काढणाऱ्या डॉक्टरलासुद्धा! डॉक्टरांनी तोंडात चिमटा घातला होता, तरी ते वाक्य पुरं झाल्यावरच दाढ निघाली.

चित्रसंग्रहालयात ते माहिती अधिकारी होते आणि सगळे त्यांना माहितीसाहेबच म्हणत. माहिती द्यायची म्हणजे किती, याचं त्यांना काही भान नसे. स्वच्छतागृह कुठे आहे असं कोणी घाईने विचारलं, तर ते इमारतीच्या पायाभरणीपासून सुरुवात करत. विचारणारा बिचारा एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत असे आणि साहेब अजून पहिल्या मजल्याच्या कमानीत अडकलेले असत.

म्हणून तर संचालकबाईंनी कॉम्प्युटर आणायचं ठरवलं. माहितीसाहेबांना मात्र वाटत होतं की ती कल्पना आपलीच!

योजना तशी झकास होती. मोठ्या दालनात एका ओळीत चाळीस चित्रं. प्रत्येक चित्राखाली भिंतीत स्क्रूने घट्ट बसवलेला पितळी आकडा. दालनाच्या दोन्ही टोकांना बोटाने चालणारे दोन स्क्रीन. पाहणाऱ्याने हव्या त्या चित्राचा आकडा दाबायचा, की पडद्यावर माहिती झळकणार आणि कर्ण्यातून गोड आवाजात ती सगळ्या दालनाला ऐकू येणार.

तो गोड आवाज माहितीसाहेबांच्या बायकोचा होता. ती शाळेत शिकवायची. माईकशिवाय शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा खणखणीत आवाज! घरी त्या आवाजाच्या वाट्याला "अहो, ओला टॉवेल गादीवर टाकू नका" याहून मोठं वाक्य कधी आलं नव्हतं. त्यामुळे चाळीस चित्रांची माहिती तिने अशी जीव ओतून वाचली होती की स्वतः माहितीसाहेब दोनदा गहिवरले.

आणि कॉम्प्युटरचं सगळं काम केलं होतं तिच्या धाकट्या भावाने. भावाची दाढी छातीपर्यंत पोचली होती, तरी बहिणीच्या लेखी तो अजून 'आमचं बाळ'च होता.

"बाळालाच द्या हो काम," ती म्हणाली होती. "घरचा माणूस असला की निश्चिंती असते."

"घरचा आहे म्हणूनच धास्ती वाटते," माहितीसाहेब म्हणाले होते. पण ते मनातल्या मनात. मोठ्याने ते फक्त "बरं" म्हणाले.

या सगळ्याचा खर्च उचलला होता बिस्किटवाल्यांनी. गावाबाहेर त्यांचा मोठा बिस्किटांचा कारखाना होता. माणूस दिलदार, पण त्यांची एक अट होती. त्यांच्या दिवंगत वडिलांचं तैलचित्र दालनात लागलं पाहिजे. चित्र आलं. भरघोस मिशा, भरघोस पोट, कोटाच्या खिशातून लोंबणारी घड्याळाची साखळी. सगळ्यात शेवटी आलं म्हणून सगळ्यात शेवटच्या, चाळिसाव्या खिळ्यावर लागलं. कॉम्प्युटरमध्येही चाळिसावं चढलं. इथवर सगळं सुरळीत होतं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी माहितीसाहेब कोट इस्त्रीला टाकायला जरा लवकर घरी गेले. तेवढ्यात संचालकबाई दालनात शेवटची नजर फिरवायला आल्या आणि चाळिसाव्या चित्रासमोर किंचाळल्या.

"सुतारमामा! अहो, देणगी देणाऱ्याचे वडील स्वच्छतागृहाच्या दाराला टेकून उभे केलेत?"

सुतारमामा म्हणजे संग्रहालयातली सगळी चित्रं टांगणारा माणूस. वादावादीत न पडता सांगितलेलं करायचं, ही त्यांची आयुष्यभराची शिकवण. ते म्हणाले, "कुठे लावू?"

"पहिल्या खिळ्यावर! दाराशी! बाकीची सगळी एकेक खिळा पुढे सरकवा."

मामांनी सरकवली. वडील पहिल्या खिळ्यावर आले. पहिल्या खिळ्यावर होता तो रेडा दुसऱ्यावर गेला, दुसऱ्यावरच्या कपडे धुणाऱ्या बायका तिसऱ्यावर, असं करत करत सगळी ओळ सरकली आणि शेवटून दुसरा असलेला भोपळा स्वच्छतागृहापाशी जाऊन विसावला. आकडे मात्र भिंतीतच होते. ते जागचे हलले नाहीत. आणि कॉम्प्युटरला तर कोणी काही सांगितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडक इस्त्रीच्या कोटात माहितीसाहेब दालनात शिरले, वडिलांना पहिल्या खिळ्यावर पाहून थबकले आणि त्यांनी एकचा आकडा दाबला.

"चिखलात निवांत बसलेला हा रेडा..." बायकोचा आवाज दालनात घुमला.

वडील भिंतीवरून रोखून पाहत होते. माहितीसाहेबांनी घाईघाईने दोन दाबला. समोर खराखुरा रेडा आणि आवाज म्हणतो, "या भगिनींच्या हालचालींतली नाजूक लय पाहा!"

माहितीसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. समारंभ दुपारी होता. त्यांनी मेहुण्याला फोन लावला. फोन बंद. पुन्हा लावला. बंद. शेवटी त्यांनी निरोप रेकॉर्ड करून धाडला: "अरे, चित्रं एकेक घर पुढे सरकवलीत रे! बिस्किटवाल्यांचे वडील पहिले आलेत! तू कॉम्प्युटरातले आकडे तसेच सरकव! लगेच! तुझ्या ताईची शपथ!"

पाच मिनिटं वाट पाहिली. उत्तर नाही. माहितीसाहेब घामाने भिजले. इस्त्रीवाल्याची सगळी मेहनत पाण्यात!

"मामा," ते सुतारमामांकडे वळले, "सगळी चित्रं होती तशी मागे घ्या."

"बाईंनी सांगितलं होतं पुढे घ्या म्हणून."

"बाई पाहुण्यांना आणायला गेल्यात. त्या येईपर्यंत थांबलो तर भर सभेत बिस्किटवाल्यांच्या बापाला रेडा म्हटलं जाईल. चालेल?"

मामांनी विचार केला. "मला चालेल," ते म्हणाले. "पण तुम्ही म्हणता तर मागे घेतो."

दोघांनी मिळून चाळीस चित्रं पुन्हा मागे सरकवली. वडील परत स्वच्छतागृहाच्या दाराशी गेले. दारावरची पाटी दिसू नये म्हणून माहितीसाहेबांनी व्हरांड्यातली पामची मोठी कुंडी ओढत आणून दारापुढे उभी केली. मग एकूण एक आकडा दाबून पाहिला. सगळे बरोबर! रेड्याला रेडा, बायकांना बायका, भोपळ्याला भोपळा, वडिलांना वडील. त्यांनी सुटकेचा असा दीर्घ श्वास सोडला की पामची पानं हलली. तेवढ्यात बाहेर गाड्या वाजल्या. समारंभात अडथळा नको म्हणून त्यांनी फोनचा आवाज बंद करून तो खिशात टाकला.

मेहुणा त्या वेळी बसमध्ये होता. फोनला रेंज आली तसा त्याने निरोप ऐकला, मांडीवर लॅपटॉप उघडला आणि खड्ड्यांतून उडत उडत पंधरा मिनिटांत सगळे आकडे सरकवून टाकले. "दाजी, झालं काम!" असा निरोपही पाठवला. तो माहितीसाहेबांच्या खिशात मुकाट पडून राहिला.

दालन भरलं. बिस्किटवाले आले, त्यांची बायको आली, आणि चाकांच्या खुर्चीतून त्यांची म्हातारी आई आली. पहिल्या रांगेत माहितीसाहेबांची बायको मैत्रिणींना घेऊन बसली होती. "आवाज ऐकून सांगा हं कोणाचा आहे," असं ती प्रत्येकीला बजावत होती, त्यामुळे प्रश्न सोडवायला फार डोकं लागणार नव्हतं. मेहुणा धापा टाकत मागच्या दाराने आला आणि त्याने दाजींना अंगठा उंचावून दाखवला. दाजींना वाटलं, शुभेच्छा देतोय. त्यांनीही अंगठा दाखवला.

संचालकबाईंनी पाहुण्यांना दारातून आत आणलं आणि पहिल्या खिळ्यावर त्यांना रेडा दिसला. त्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. पण फीत कापून झाली होती आणि बिस्किटवाल्यांचं बोट स्क्रीनकडे निघालं होतं.

त्यांनी एक दाबला.

"आपण ज्यांच्यासमोर उभे आहात," खणखणीत आवाज सुरू झाला, "ते आपल्या गावाचे भूषण! अथक उद्योग, निष्कलंक चारित्र्य आणि वक्तशीरपणा यांचा हा जिवंत आदर्श!"

सगळ्यांनी भक्तिभावाने वर पाहिलं. रेडा गळ्यापर्यंत चिखलात बसला होता.

"त्यांच्या नजरेतली करारी चमक पाहा. शून्यातून त्यांनी साम्राज्य उभं केलं. आजही त्यांचे चिरंजीव त्यांच्याच पावलावर पाऊल ठेवून वाटचाल करत आहेत!"

चिरंजीवांनी स्वतःच्या पावलांकडे पाहिलं. मग रेड्याच्या. मागे कोणीतरी खोकल्याचं निमित्त करून हसलं. पहिल्या रांगेतल्या मैत्रिणी म्हणाल्या, "ओळखला हो आवाज!" पण माहितीसाहेबांची बायको आता वर बघायला तयार नव्हती.

"माझे वडील कुठे आहेत?" बिस्किटवाल्यांनी शांतपणे विचारलं. दिलदार माणूस शांत झाला की जास्त भीती वाटते.

"तिकडे, साहेब... त्या टोकाला," माहितीसाहेब पुटपुटले. "कुंडीच्या शेजारी."

सगळी वरात त्या टोकाला निघाली. वाटेत माहितीसाहेबांच्या डोक्यात हळूहळू उजेड पडू लागला. त्यांनी फोन काढून पाहिला. 'दाजी, झालं काम!' त्यांच्या पायाखालची फरशी सरकली. ते ओरडले, "दाबू नका!" पण बिस्किटवाल्यांच्या बायकोने उत्साहाने चाळीस दाबूनही टाकला होता.

"बाहेरून भारदस्त, आतून पोकळ!" आवाज म्हणाला.

वडील मिशीवर ताव दिलेले, साखळी लोंबवत उभे.

"या भोपळ्याचा गरगरीत घेर पाहा. अजून काही दिवसांत तो सडू लागेल, याची हलकीशी चाहूल चित्रकाराने देठापाशी दिली आहे."

तेवढ्यात शेजारचं दार उघडलं आणि एक पाहुणे हात पुसत पामच्या पानांतून बाहेर आले. समोर एवढी सभा पाहून त्यांनी नमस्कार केला.

"चहा!" संचालकबाई किंचाळल्या. "मंडळी, चहा तयार आहे! सगळ्यांनी बाहेर हिरवळीवर चला! थोडीशी तांत्रिक... चहा!"

दालन रिकामं झालं. माहितीसाहेबांनी मेहुण्याला खांबामागे गाठलं.

"काय केलंस हे?"

"तुम्ही सांगितलंत तेच!"

"मी चित्रं परत मागे घेतली होती!"

"ते तुम्ही सांगितलं नाहीत!"

"आत्ताच्या आत्ता सगळं आधीसारखं कर. अगदी आधी होतं तसं! मी बाहेर जाऊन बिस्किटवाल्यांची समजूत घालतो."

"दोन मिनिटांचं काम आहे, दाजी," मेहुणा म्हणाला आणि खाली बसून कामाला लागला.

माहितीसाहेब हिरवळीकडे धावले. आणि दुसऱ्या दाराने संचालकबाई आत आल्या. त्यांनी खांबामागचा मेहुणा पाहिला नाही. पाहिले ते सुतारमामा.

"मामा! वडील पहिल्या खिळ्यावर हवेत म्हणून सांगितलं होतं ना? कोणी हलवले?"

"साहेबांनी."

"मग आता मी सांगते. चहा संपायच्या आत परत पुढे!"

मामांनी शिडी उचलली. दिवसभरात चाळीस चित्रं दुसऱ्यांदा हलवायची होती. मेहुण्याला शिडीचा आवाज आला. त्याला वाटलं, साफसफाई चाललीय.

बाहेर माहितीसाहेब बिस्किटवाल्यांपुढे उभे राहून बोलत होते. आकडे म्हणजे काय, खिळे म्हणजे काय, कॉम्प्युटर मुळात कसा विचार करतो, हे सगळं त्यांनी मुळापासून समजावलं. बिस्किटवाल्यांचा चहा गार झाला. शेवटी केवळ सुटका व्हावी म्हणून ते म्हणाले, "बरं, बरं, चला! एकदा नीट ऐकवा आणि संपवा."

सगळे परत आले. वडील पहिल्या खिळ्यावर पाहून संचालकबाईंनी समाधानाने मान डोलावली. वडील पहिल्या खिळ्यावर पाहून माहितीसाहेबांनी कपाळावर हात मारला. त्यांनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याने अंगठा उंचावला!

"यावेळी आईच्या हातून होऊ दे," बिस्किटवाले म्हणाले आणि त्यांनी खुर्ची पुढे ढकलली. म्हातारीने सुरकुतलेलं बोट उचललं.

"आजी, जरा थांबा..." माहितीसाहेब म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना पुढचं वाक्य सुचेना.

"चिखलात निवांत बसलेला हा रेडा," आवाज म्हणाला, "म्हणजे तृप्तीची मूर्तीच! पोट भरलेलं, डोळे अर्धवट मिटलेले. मानेवरच्या वळ्या चित्रकाराने किती प्रेमाने रंगवल्या आहेत! एकदा बसला की आभाळ कोसळलं तरी हा उठणार नाही."

बिस्किटवाल्यांच्या कानशिलं लाल झाली. संचालकबाईंनी डोळे मिटून घेतले.

"मात्र त्याच्या पाठीवर बसलेल्या बगळ्याकडे लक्ष द्या. दिसायला किरकोळ, पण खरा कारभार त्याचाच. तो नसता तर या धिप्पाड प्राण्याला अंगावरची माशीसुद्धा हाकलता आली नसती."

आवाज थांबला. म्हातारीचे खांदे हलायला लागले. सगळ्यांना वाटलं, रडतेय. सून रुमाल घेऊन धावली. म्हातारीने तिचा हात बाजूला केला. ती हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, खुर्चीची चाकं किरकिरेपर्यंत हसत होती!

"पुन्हा लाव," ती म्हणाली.

"आई, अगं चूक झालीय त्यांची," बिस्किटवाले म्हणाले.

"कसली चूक? दुपारचं जेवण झालं की अगदी असेच बसायचे! पत्र्यावर वीज पडली होती तेव्हासुद्धा उठले नाहीत. म्हणाले, बघ गं काय झालं ते." तिने पदराने डोळे टिपले. "माणूस गेल्यापासून नुसतं भूषण आणि आदर्श ऐकतेय. हे कोण भूषण, मी ओळखतच नाही त्याला. आज ते घरी आल्यासारखे वाटले."

शेवटी माहितीसाहेबांची बायकोच उठून जवळ गेली. "आजी, माफ करा हं. आवाज माझा आहे."

"तुझा का? गोड आहे." म्हातारीने तिचा हात धरला. "तो बगळा म्हणजे मी बरं का."

माहितीसाहेबांची बायको चित्राकडे बघत म्हणाली, "पण या चित्रात तुम्ही दिसत नाही."

"दिसेन कशी? चित्रकाराच्या मागे उभी होते मी. 'हलू नका, हलू नका' म्हणून यांना दटावत!"

बिस्किटवाले आईकडे बघत राहिले. मग वडिलांकडे. मग त्यांच्या स्वतःच्या मिशीखालीही काहीतरी हललं आणि तेही हसायला लागले. मालक हसताहेत म्हटल्यावर सगळं दालन मोकळं झालं. मघाशी खोकणारा आता उघड उघड हसला.

जाताना म्हातारीने बजावलं, "हे एक नंबरचं असंच राहू दे. बदललंत तर याद राखा."

आईपुढे बिस्किटवाल्यांचं काही चालत नसे आणि बिस्किटवाल्यांपुढे संचालकबाईंचं. त्यामुळे पहिल्या चित्राची माहिती आजतागायत तशीच आहे, आणि ती ऐकायला लोक लांबून येतात. माहितीसाहेबांच्या बायकोला म्हातारीने घरी बोलावून साडी दिली. मेहुण्याला बिस्किटांच्या कारखान्यातलं सगळं कॉम्प्युटरचं काम मिळालं. "बघा, म्हटलं नव्हतं? घरचा माणूस!" असं आता माहितीसाहेबांना रोज जेवताना ऐकावं लागतं.

पण बाळ कारखान्यात अडकल्यामुळे उरलेल्या एकोणचाळीस चित्रांची माहिती दुरुस्त करायला कोणी उरलं नाही. सुतारमामांनी शिडीला कुलूप लावून किल्ली घरी नेली. शेवटी संचालकबाईंनी तोडगा काढला: ते काम होईपर्यंत माहितीसाहेबांनी स्वतः दालनात उभं राहायचं आणि दोनपासून चाळीसपर्यंत तोंडी माहिती द्यायची.

माहितीसाहेबांना ही शिक्षा आहे हे कळलंच नाही. ते दुसऱ्याच दिवशी उत्साहाने उभे राहिले. सकाळी आलेल्या पहिल्याच आजोबांना त्यांनी धुणाऱ्या बायकांसमोर गाठलं. साबणाच्या शोधापासून सुरुवात केली. आजोबा मुकाट्याने ऐकत होते. मग ते या पायावरून त्या पायावर झाले. मग त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, माहितीसाहेबांकडे पाहिलं आणि हळूच सुतारमामांना विचारलं, "अहो, हे फार छान आहे. पण बंद करायचं बटण कुठे असतं याला?"

संध्याकाळी माहितीसाहेबांनी रागारागाने हा किस्सा बायकोला सांगितला. तिने तो शेवटपर्यंत ऐकून घेतला.

"सापडलं का हो त्यांना?" तिने आशेने विचारलं.